सिओच्या मुखावर होडीतली बैठक

होडी कोणाची आणि वल्ही कोणाची, हा प्रश्न सुटायलाच आठवडा गेला. अखेर होडी ओगुट्टूमामांची आणि वल्ही एगेसाकाकांची असा तह झाला, आणि आपणच जिंकलो असे समाधान दोन्ही पक्षांना मिळाले. होडीवाचून वल्ही म्हणजे चुलीतली लाकडे, असे मामांनी आपल्या काठावर जाहीर केले. वल्ह्यांवाचून होडी म्हणजे गुरांची डोण, असे काकांनी आपल्या काठावर. मामांची भाची आणि काकांची पुतणी ताका दोन्ही काठांवर होती, म्हणून तिला दोन्ही ऐकावे लागले.

बैठक पाण्यावरच घ्यायची, याबद्दल मात्र मतभेद नव्हता. ताकाचा बाप मांगेनी गेल्यापासून एगेसाकाकांनी पश्चिम काठावर पाऊल ठेवले नव्हते आणि ओगुट्टूमामांनी पूर्व काठावर. सिओ नदी जिथे सरोवरात शिरते तिथे दोन देशांमधली रेषा पाण्यातून जाते. ज्या विद्वानांनी ती ओढली त्यांनी ही नदी फक्त नकाशात पाहिली होती, आणि नकाशातल्या नदीच्या काठावर माणसे राहत नाहीत. त्यामुळे सामिया जमातीची निम्मी घरे केनियात गेली आणि निम्मी युगांडात. यथावकाश दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र झेंडा, स्वतंत्र राष्ट्रगीत आणि दुसऱ्या तुकड्याला तुच्छ लेखण्याचा स्वतंत्र हक्क प्राप्त झाला. पहिल्या दोन गोष्टी सणासुदीला बाहेर काढल्या जात. तिसरी रोजच्या वापरात होती.

रविवारी प्रार्थना आटोपून मंडळी पूर्व किनाऱ्यावर जमली तेव्हा एगेसाकाकांच्या मागून त्यांची हातांची खुर्ची आली. मुख्याध्यापकपदावरून निवृत्त होताना शाळेने दिलेली. पाय सागवानी, पाठ उंच.

"गुरुजी, ही खुर्ची होडीत कशाला?" मामांनी आपल्या होडीत उभे राहून विचारले. होडी कमरेएवढ्या पाण्यात, म्हणजे त्यांच्या मते अजून युगांडात होती.

"मग काय पकडलेल्या माशासारखा तळाला लोळू? घराण्याची बैठक आहे, मेव्हणे."

"नाही, म्हटलं खुर्ची आणलीत तर टेबल पण आणायचं होतं. फळा, खडू, घंटा."

"तुमच्यासाठी एक फळा पुरणार नाही."

मामा हसले, मात्र खुर्ची आपल्या फळकुटापेक्षा हातभर उंच आहे हे त्यांनी पाहिले आणि मग ते हसले नाहीत. त्यांनी माणसे पाठवून आपल्या मासळीच्या ट्रकची पुढची सीट सोडवून आणली. लाल रेक्झिनची ती सीट लोखंडी सांगाड्यासकट होडीत चढली आणि होडी एक बोट खाली बसली. क्वोबा आजोबांचे तीन पायांचे स्टूल तर आधीच आत होते. आजोबा नव्वदीला टेकलेले. एगेसाकाकांचे ते सख्खे चुलते आणि ओगुट्टूमामांचे सासरे. ते बसलेले असताना पुतण्याने उठायचे नसते आणि जावयाने तर त्यांच्यासमोर ताठ उभेही राहायचे नसते. म्हणूनच त्यांना आणले होते. दोन्ही बाजू ज्याला घाबरतात असा तेवढा एकच माणूस दोन्ही देशांत मिळून उरला होता.

"काका," ताका म्हणाली, "तळाच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासलेला असतो. खुर्चीचा पाय बरोबर फटीवर आलाय. मामा, तुमचा सांगाडापण."

"तू पोहण्यातली," काका म्हणाले. "होडीतलं आम्हाला कळतं."

"शंभर टक्के," मामा म्हणाले. त्या दिवसातले दोघांचे हे पहिले एकमत.

ताका आणि नसिरुम्बी आत्या तळाला चटईवर बसल्या, पाय लांब करून, बायकांनी बैठकीत बसायचे तसे. आत्या मांगेनीची बहीण, दिलेली पलीकडच्या काठावर. जन्माने केनियाची, कुंकवाने युगांडाची, आणि तोंडाने कोणाचीच नव्हे. तिने नवी निळी गोमेसी नेसली होती, खांद्यांना टोके असलेली, कमरेला रुंद पट्टा. "समेट झाला की आम्ही हात हलवू; तोवर कोणीही होडी घेऊन जवळ यायचं नाही," अशी ताकीद काकांनी पूर्व काठाला दिली, मामांनी पश्चिम काठाला, आणि दोघांनी एकेक वल्हे हातात घेतले. होडी बराच वेळ जागच्या जागी गोल फिरली. मग ताकाने पाण्यात उतरून तिला मागून ढकलत नेले.

तिने ती नेली ती वाळूच्या दांड्यावर, आणि मग आत चढून ती परत चटईवर बसली. नदी सरोवराला मिळताना आपली वाळू तिथे टाकते. चहूकडे खोल पाणी आणि मध्ये हा उथळ पट्टा. काकांना तो माहीत नव्हता, मामांना नव्हता. त्यांचे आयुष्य या पाण्यावर गेले होते, पाण्यात कधीच नाही. ताकाने महिनाभर तो पायांनी चाचपला होता. इथे खुंट रोवायचे, जाळी लावायची आणि दोन्ही काठांवरच्या मुलांना पोहायला शिकवायचे, एवढेच तिला हवे होते. पण खुंट पाण्यात उभे राहतात, आणि या पाण्याचा एक काठ काकांच्या शब्दावर चालतो, दुसरा मामांच्या. कंपालातल्या एका मोठ्या हॉटेलाने तिला तरणतलावावर नोकरी देऊ केली होती. उद्या उत्तर द्यायचे होते. दोघांची परवानगी आज मिळाली नाही तर उद्यापासून ती पाहुण्यांच्या मुलांना फुगे बांधून पाण्यात सोडणार होती.

"बोला," क्वोबा आजोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

काका बोलले. त्यांनी सुरुवात ताकाच्या शाळेपासून केली, किसुमूच्या मिशनच्या तलावापासून, जिथे तिला त्यांनीच घातले होते. मग केनियाची टोपी घालून ती आफ्रिकेच्या स्पर्धेत फुलपाखरासारखे हात टाकत पाचवी आली, त्या दिवसाचे वर्णन झाले. मग त्यांचा आवाज उतरला. "आणि मग ही पळून गेली."

"पळून नाही गेले, काका. आईबरोबर गेले."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. पळून गेली, आणि तिकडच्या टोपीत सहावी आली. घसरण कुठून सुरू झाली ते जगाला दिसतंय."

"पाचवी आली तेव्हा पाण्यात किती जणी होत्या, तेही सांगा की गुरुजी," मामा म्हणाले.

"तो मुद्दा नाही."

"पाच होत्या."

"सहा होत्या! एकीला बाद केलं!"

"आमच्यावेळी आठ होत्या. आठातली सहावी! आणि आमच्या राष्ट्रगीताला ती रडली होती. मी टीव्हीवर पाहिलं."

"डोळ्यांत क्लोरीन गेलं होतं, मामा," ताका म्हणाली. पण ते कोणी ऐकले नाही.

तिला ते सगळे आठवत होते, फक्त वेगळ्या क्रमाने. बाप बुडाला त्या दुपारी ती परमुलखात फरश्यांच्या स्वच्छ निळ्या पाण्यात केनियासाठी पोहत होती. मांगेनी किनारा दिसत असताना बुडाला, बायका धुणे धूत होत्या तिथून हाक ऐकू गेली असती इतक्या जवळ. देशासाठी पोहणाऱ्या मुलीचा बाप! त्याला पोहता येत नव्हते, कारण इथल्या कोळ्याला पोहता येत नाही, कारण पोहायला शिकणे म्हणजे आपल्या होडीवर अविश्वास दाखवणे. दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले होते. त्याच्याबद्दल कोणीच काही छापले नव्हते. असा कोणी ना कोणी दरवर्षी बुडतो.

"माझी अट सरळ आहे," काका म्हणाले. "खुंट रोवा. मधल्या खुंटावर केनियाचा झेंडा. स्वातंत्र्यदिनाला आमदारसाहेब येतील, त्यांच्यासमोर ताकाने म्हणायचं, मी केनियाची जलतरणपटू. मी शब्द देऊन बसलोय."

"मीही दिलाय," मामा म्हणाले. "आमच्या स्वातंत्र्यदिनासाठी. आणि तो तुमच्याआधी येतो."

"तिने परत इकडे यावं. देश बदलला की स्पर्धेसाठी वर्षभर थांबावं लागतं, तेवढं थांबेल. माहेरी परत येण्यात लाज कसली?"

"काका, मी पस्तिशीला आले. मी पोहणं सोडलंय."

काका पुढे झुकले. खुर्ची करकरली. "सोडलंयस, पण कुठल्या देशातर्फे?"

"युगांडातर्फे!" मामा ओरडले. "निवृत्ती आमची आहे! कागदोपत्री आमची!"

"निवृत्ती तुमची ठेवा. सुरुवात आमची आहे."

नसिरुम्बी आत्याने ताकाच्या कोपराला हळूच बोट लावले. बैठकीत बाईने विचारल्याखेरीज बोलायचे नसते, आणि आत्या रीतिरिवाजांना फार मानत असे, विशेषतः त्यातून काही मौज निघणार असेल तर. तिने डोळ्यांनीच आपली गोमेसी दाखवली. निळा रंग मांडीपर्यंत गडद झाला होता. खुर्चीच्या मागच्या पायाशी फटीतला कापूस निघून वळवळत वर आला होता आणि त्याच्या जागी पाणी अगदी मुकाट्याने, पाहुण्यासारखे आत येत होते. ट्रकच्या सीटखाली तर चक्क बुडबुडे फुटत होते.

"सांगू?" ताकाने ओठ हलवले.

"मला कोणी विचारलेलं नाही," आत्या पुटपुटली. "तुलाही नाही."

पाणी मामांच्या बुटांत शिरले तेव्हा ते सहाव्या क्रमांकाची महती सांगत होते. त्यांनी खाली पाहिले, वाक्य पूर्ण केले आणि पाय सीटवर घेतले. काकांनी आपले पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. मग थोडा वेळ दोघेही दूरवर पाहत बसले, पाऊस येईल की नाही याचा अंदाज घेतल्यासारखे.

"मेव्हणे," काका अखेर म्हणाले, "तुमच्या होडीत पाणी येतंय."

"तुमच्या खुर्चीनं भोक पाडलंय."

"डबा तुमच्या पायाशी आहे. उपसा."

"भोक ज्याचं, उपसायचं त्यानं."

"होडी ज्याची त्यानं!"

डबा तरंगत दोघांच्या मधे आला. जो उचलेल त्याने चूक कबूल केली असे झाले असते, म्हणून दोघांनीही तो पायाने समोरच्याकडे ढकलला. तो बिचारा दोन राष्ट्रांच्या मधे येरझारा घालू लागला. उठून कडेला होण्याचा तर प्रश्नच नव्हता. आजोबा बसलेले होते. आणि आजोबा अजिबात हलत नव्हते. ते डोळे मिटून, गुडघे घट्ट जुळवून, हातातली काठी छातीशी धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मोठी वेदना होती. ताका गुडघ्यांवर सरकत त्यांच्याजवळ गेली.

"आजोबा, काही होतंय का?"

"जा तू," ते ओठ न हलवता म्हणाले.

"छातीत दुखतंय?"

"जा म्हणतो ना. आत्याला पाठव. नको, तिला पण नको." मग अगदी बारीक आवाजात: "माझ्याकडून झालंय. बसल्याजागी. कळलंच नाही बघ. जावयासमोर."

ताकाला हसू आले आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही. "आजोबा, ते तुमचं नाही. सरोवर आहे ते. होडी फुटलीय."

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. खाली पाहिले. पाणी स्टुलाच्या बैठकीला लागले होते. एगेसाची खुर्ची, ओगुट्टूची लाल सीट, सगळेच त्यात होते. त्यांच्या छातीतून एक लांब सुस्कारा निघाला आणि नव्वद वर्षांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला.

"सगळ्यांचं झालंय?"

"सगळ्यांचं."

"मग ठीक." त्यांनी दुसरा डोळाही उघडला. "खोल किती?"

"खाली वाळू आहे. होडी आता टेकेलच. उभे राहिलात तर कमरेएवढं."

"ह्यांना ठाऊक आहे?"

दोन्ही पुरुष आता सीटवर आणि खुर्चीवर पाय दुमडून, मान ताणून बसले होते. काकांचे ओठ प्रार्थनेसारखे हलत होते. मामा पाण्याकडे पाहतच नव्हते. डोळे घट्ट मिटून सीटच्या रेक्झिनला दोन्ही हातांनी धरून होते.

"नाही," ताका म्हणाली. सांगायला हवे, हे तिला कळत होते. तिने तोंड उघडलेही. आजोबांनी तिच्या डोक्यावर काठीची मूठ ठेवून ते मिटवले.

"इथंच शिकवायचंय तुला? ह्याच जागी?"

"इथंच."

"हं." आजोबांनी घसा साफ केला. "एगेसा. ओगुट्टू. बैठक चालू आहे. बोला."

"काका, पाणी..." एगेसाकाका म्हणाले. ते आपल्या चुलत्याला फार वर्षांनी नुसते काका म्हणाले होते.

"पाहिलं मी. ठरल्याशिवाय मी उठत नाही. आणि मी उठल्याशिवाय तुम्ही उठत नाही. रीत आहे."

"सासरेबुवा, हा काय हट्ट!" मामांचा आवाज फाटला. "माणसं मरतील!"

"माणसं दरवर्षी मरतात. माझा पुतण्या मेला. तेव्हा तुम्ही दोघं भांडत होतात, प्रेत कुठल्या काठाला लागलं यावरून." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. पाणी आत येत राहिले. होडी हलकेच कलली आणि मामांनी एगेसाकाकांची बाही पकडली. काकांनी ती सोडवून घेतली नाही.

"खुंट," आजोबा म्हणाले.

"रोवू दे," काका म्हणाले.

"दोन्ही बाजूंनी रोवू दे," मामा म्हणाले. "जाळी माझ्याकडून."

"झेंडा?"

पाणी काकांच्या कोटाच्या खिशात शिरले.

"नको झेंडा," काका म्हणाले.

"कुठलाच नको," मामा म्हणाले. "आमदारांना मी काहीतरी सांगतो."

"आमदार माझे आहेत," काका दुबळेपणाने म्हणाले.

"तुमच्या आमदारांना मी काहीतरी सांगतो! आता उठा, सासरेबुवा, पाया पडतो!"

"नसिरुम्बी," आजोबा म्हणाले, "तुला विचारतो. तुझं काय म्हणणं?"

आत्या छातीपर्यंत पाण्यात बसली होती. गोमेसीची टोके तेवढी वर होती. "माझं म्हणणं," ती निवांतपणे म्हणाली, "की मुली पण शिकतील."

"शिकू दे!" दोघे एका दमात ओरडले.

होडीचा तळ वाळूला टेकला. मऊ धक्का बसला आणि मामांनी किंकाळी फोडली. क्वोबा आजोबा काठी टेकून सावकाश उठले, ताकाच्या खांद्यावर हात ठेवून सरळ झाले आणि कमरेएवढ्या पाण्यातून त्यांनी आपल्या पुतण्याकडे आणि जावयाकडे खाली पाहिले.

"उठा," ते म्हणाले.

पुढचा थोडा वेळ शब्दांत पकडण्यासारखा नव्हता. काका उभे राहिले, त्यांनी आपल्या कमरेकडे पाहिले, मग ताकाकडे. "तुला माहीत होतं!"

"मला कोणी विचारलं नव्हतं, काका."

आत्या हसून हसून परत पाण्यात बसली. मामांनी दोन्ही हात वर करून काठाकडे जोरजोरात हलवले, सुटकेसाठी. पण हात हलवले म्हणजे समेट झाला, असे दोन्ही काठांना सांगून ठेवले होते. पूर्वेकडून बायकांचा जल्लोष उठला, पश्चिमेकडून ढोल वाजले, आणि मामांनी जितके जिवाच्या आकांताने हात हलवले तितके लोक अधिक नाचले. मग पूर्वेकडची सगळी मंडळी आनंदाने घराकडे पळाली, कारण तिथे मक्याच्या पिठाची उगाली आणि मासे शिजून तयार होते.

अखेर पश्चिमेकडच्या कोणाला तरी काही कळले असावे. तिकडून एक होडी आली. तिने आजोबांना घेतले, आत्याला घेतले, मामांना आणि त्यांच्या लाल सीटला घेतले.

"या गुरुजी," मामांनी हात पुढे केला. आवाजात खरोखरच माया होती.

"त्या होडीत? आणि त्या काठावर?" काकांनी भिजलेल्या कोटाची बटणे लावली. "मी आमच्या होडीची वाट पाहतो."

"तुमचे लोक जेवायला गेलेत. संध्याकाळी इथं पाणघोडे येतात."

"येऊ देत. केनियाचे असतील."

होडी गेली. सरोवरात एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्याची पुतणी उरली. पूर्वेचा काठ समोर दिसत होता, आणि मधे खोल, हिरवे पाणी होते. काकांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले.

"चालत जाता येईल?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग?"

"पाठीवर झोपा. मान माझ्या हातात सोडा. पोट वर. श्वास धरू नका."

"बुटांसकट?"

"बुटांसकट."

काका झोपले. आधी ते लाकडासारखे ताठ होते आणि त्यांनी तिचे मनगट इतके आवळले की तिच्या बोटांना मुंग्या आल्या. ती एका हाताने पाणी मागे सारत राहिली. हळूहळू त्यांची मान जड झाली. कान पाण्याखाली गेले, कोटाचे पदर दोन्ही बाजूंना पसरले, आणि त्यांच्या पायाखाली वाळू संपली, तरी ते बुडाले नाहीत. आभाळ त्यांच्या चष्म्यात उतरले.

"ताका."

"हं, काका."

"मांगेनीला एवढंच येत असतं, तर?"

तिने दोन हात पाणी कापले. "एवढंच."

काकांच्या डोळ्यांच्या कडेने जे ओघळले ते कोणत्याही देशाला मोजता आले नसते. ते लगेच सरोवरात मिसळून गेले. घराकडून जेवणाच्या हाका ऐकू येऊ लागल्या. काठावरचे गवत आता एकेक पाते दिसण्याइतके जवळ आले होते, आणि ताकाने पाय वाळूला लागतात का ते चाचपायला सुरुवात केली.

"पोरी," काका म्हणाले, "जरा हळू ने. काठ इतक्यात नको."